परवान्यांच्या फेऱ्यात सापडलेल्या ऑपरेटिंग सिस्टिम्स

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेली, ऑपरेटिंग सिस्टिम म्हटलं की लिनक्स, आणि लिनक्स म्हटलं की उबुंटू, एवढ्यावर बहुतेकांची यादी संपते. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, मिनिक्स, प्लॅन ९, हायकू, फ्रीडॉस ही नावं कानावरून गेलेली असतात. त्यांच्याबद्दलचा समज साधारण असा की हौशी लोकांचे प्रयोग होते, चालले नाहीत. यात थोडं तथ्य आहे. पण का चालले नाहीत हे शोधायला गेलं तर कोडमध्ये फारसं काही हाती लागत नाही. त्यासाठी करारपत्रं, परवान्यांची कलमं आणि एका लांबलेल्या खटल्याची कागदपत्रं चाळावी लागतात.

यातल्या बहुतेकांचं मूळ युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे, आणि गोष्ट तिच्या जन्माआधीच सुरू होते. अमेरिकेत टेलिफोनची मक्तेदारी एटी अँड टी या कंपनीकडे होती. मक्तेदारीविरोधी खटल्यात १९५६ साली सरकारशी तडजोड झाली आणि दूरसंचार सोडून दुसऱ्या धंद्यात पडायला कंपनीला बंदी आली. त्यामुळे १९६९ मध्ये तिच्याच बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभी केली, तेव्हा ती बाजारात मांडून विकायची सोयच नव्हती. विद्यापीठांनी मागितली की नाममात्र पैशांत, सोर्स कोडसकट देऊन टाकायची. पुढे काही बिघडलं तर ज्याचं त्याने बघायचं. प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी ती उघडली, वाचली, दुरुस्त केली आणि आपापसांत वाटली. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये अशाच सुधारणांचं गाठोडं बांधून टेपवर पाठवायला सुरुवात केली. त्याचं नाव बर्कले सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन, म्हणजे बीएसडी.

१९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्यात एक नवं कलम आलं: हा कोड वर्गात शिकवायचा नाही. तोवर सिडनीच्या जॉन लायन्स या प्राध्यापकांनी युनिक्सच्या कोडवर लिहिलेल्या टिपणांच्या झेरॉक्सवरून झेरॉक्स निघत होत्या. आता शिकवायचं काय? अॅम्स्टरडॅमच्या फ्रिये विद्यापीठातले अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी त्यावर सरळ उपाय काढला. त्यांनी युनिक्ससारखीच चालणारी, पण एटी अँड टीची एकही ओळ नसलेली छोटी सिस्टिम स्वतः लिहिली आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासोबत दिली. ती मिनिक्स. जेमतेम बारा हजार ओळींचा कोड, घरच्या पीसीवर चालणारा.

मिनिक्सचेही हक्क मात्र प्रकाशकाकडे होते. कोड वाचता येई, पण बदललेली अख्खी सिस्टिम मोकळेपणाने वाटता येत नसे. फक्त बदलांचे तुकडे फिरवायचे. शिवाय विद्यार्थ्यांना एका सत्रात झेपली पाहिजे म्हणून टॅनेनबॉम तिच्यात नवी भर घालू देत नसत. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ ला आपल्या ‘छंदा’ची, म्हणजे लिनक्सची, घोषणा केली ती मिनिक्सवाल्यांपुढेच. १९९२ च्या जानेवारीत टॅनेनबॉम यांनी लिनक्सची रचना कालबाह्य आहे असं जाहीर केलं आणि दोघांची जुंपली. त्या वादातली कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, रचनेची चर्चा लोक अजून चवीने सांगतात. माझ्या मते निकाल रचनेवर लागलाच नाही. लिनक्स त्याच वर्षी जीपीएल परवान्याखाली आली, ती कुणीही घ्यावी, बदलावी, वाटावी अशी होती. मिनिक्स तशी नव्हती. मिनिक्सचा परवाना सैल झाला २००० साली. तोवर गर्दी कधीच पलीकडे गेली होती.

बीएसडीचं दुखणं याहून मोठं. १९८४ मध्ये एटी अँड टीचं विभाजन झालं, जुनी बंदी उठली आणि कंपनीने युनिक्सचा धंदा मांडला. परवान्यांचे भाव चढत गेले. बर्कलेत लिहिलेल्या नेटवर्किंगच्या कोडमध्ये मात्र एटी अँड टीचं काहीच नव्हतं. विद्यापीठाने १९८९ मध्ये तेवढा भाग वेगळा काढून मोकळा केला. अट एकच: आमचं नाव पुसू नका. मग कीथ बॉस्टिक यांनी डोक्यात घेतलं की उरलेलंही असंच मोकळं करायचं. त्यांनी इंटरनेटवरून लोकांना हाक घातली आणि युनिक्सच्या छोट्या-मोठ्या आज्ञा मूळ कोड न बघता नव्याने लिहून मागितल्या. मोबदला म्हणजे यादीत नाव. दीड वर्षात जवळजवळ सगळ्या आज्ञा लिहून झाल्या. त्यानंतर बॉस्टिक, माइक कॅरल्स आणि कर्क मॅक्युझिक यांनी कर्नलची एकेक फाइल तपासली. शेवटी एटी अँड टीच्या कोडने बाधित अशा फक्त सहा फाइली राहिल्या. त्या वगळून १९९१ च्या जूनमध्ये ‘नेट-२’ बाहेर पडली.

सहा फाइलींची भोकं बुजवायला फार वेळ लागला नाही. बिल आणि लिन जोलिट्झ या जोडप्याने १९९२ मध्ये घरच्या पीसीवर चालणारी ३८६बीएसडी फुकट दिली. बीएसडीआय नावाच्या कंपनीने तशीच सिस्टिम ९९५ डॉलरला विकायला काढली आणि ऑर्डरसाठी असा फोन नंबर घेतला की अक्षरांत वाचला तर ‘इट्स युनिक्स’! एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीला एवढं निमित्त पुरे होतं. तिने १९९२ मध्ये खटला भरला आणि पुढे विद्यापीठालाही त्यात ओढलं. विद्यापीठही गप्प बसलं नाही. एटी अँड टीने आपल्या युनिक्समध्ये बर्कलेचा भरपूर कोड वापरला होता आणि परवान्यातली नाव ठेवायची ती एकुलती अट पाळली नव्हती. त्यावरून उलटा दावा दाखल झाला. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली, तोवर युनिक्सचे हक्क नॉव्हेल या कंपनीकडे गेले होते. अठरा हजार फाइलींपैकी तीन काढायच्या, काहींत किरकोळ बदल करायचे आणि सुमारे सत्तर फाइलींवर कॉपीराइटची ओळ घालायची, एवढाच निकाल. डोंगर पोखरून तीन फाइली!

दरम्यान दोन वर्षं गेली होती, आणि तीही नेमकी तीच, जेव्हा घरोघरी पीसी येत होते आणि फुकटच्या युनिक्सला गिऱ्हाईक तयार होतं. कोर्टात अडकलेल्या कोडवर धंदा उभारायला कोण धजावणार? ३८६बीएसडी वेळेवर मिळाली असती तर लिनक्स बहुधा झालीच नसती, असं टॉरवाल्ड्स यांनीच नंतर सांगितलं आहे.

पुढे बीएसडीत भाऊबंदकी झाली. १९९३ मध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी निघाल्या. नेटबीएसडीतून बाहेर पडावं लागलेले थिओ द राट यांनी १९९५ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीहून ओपनबीएसडी सुरू केली. परवान्यांच्या बाबतीत ती सगळ्यात कडक. तिच्या दोन मोठ्या देणग्या परवान्यांच्या भांडणातूनच आल्या. दूरच्या संगणकावर सुरक्षित शिरायला लागणाऱ्या एसएसएच या प्रोग्रामचा परवाना आवृत्तीगणिक आवळत चालला होता. तेव्हा ओपनबीएसडीवाल्यांनी मागे जाऊन मोकळ्या परवान्याची जुनी आवृत्ती शोधली आणि १९९९ मध्ये तिच्यापासून ओपनएसएसएच तयार केलं. २००१ मध्ये त्यांच्या फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कवरची नको ती ये-जा अडवणाऱ्या प्रोग्रामच्या, लेखकाने, माझ्या परवानगीशिवाय बदल वाटायचे नाहीत, असं स्पष्ट केलं. यांनी ती फायरवॉल उचलून बाहेर ठेवली आणि त्याच वर्षी पीएफ नावाची नवी लिहून घेतली. आज पीएफ मॅकमध्ये आहे. ओपनएसएसएच तर जवळपास प्रत्येक सर्व्हरवर आहे, विंडोज १० पासून विंडोजमध्येही आहे. हे सगळं पुरवणाऱ्या प्रकल्पावर २०१४ च्या सुरुवातीला वीज बिलाच्या वीस हजार डॉलरसाठी हात पसरायची वेळ आली होती.

बीएसडीचा परवाना इतका मोकळा की घेणाऱ्याने काही परत देण्याची सक्ती नाही. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम फ्रीबीएसडीवर बांधलेली आहे, नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पुरवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. मिनिक्सचं तर त्याहून गमतीचं. इंटेलच्या प्रोसेसरसोबत मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक वेगळा छोटा संगणक असतो. त्याच्या नव्या आवृत्त्या मिनिक्स ३ वर चालतात हे २०१७ मध्ये उघड झालं. टॅनेनबॉम यांना ते बातम्यांतून कळलं. त्यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहून आभार मानले आणि आधी कळवलं असतं तर बरं वाटलं असतं, कायद्याने तुम्ही बांधील नव्हता म्हणा, असंही सुनावलं.

मराठी वाचकाचा खरा संबंध येतो तो प्लॅन ९ शी. युनिक्स करणाऱ्या बेल लॅब्सच्याच मंडळींनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्याने डाव मांडला होता. त्यात स्क्रीन, नेटवर्क, दुसऱ्या गावातला संगणक असं सगळं फाइलींसारखंच उघडता-वाचता येई. जगातल्या सगळ्या लिप्या तिच्यात चालाव्यात अशी त्यांची इच्छा होती, पण युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी यादी, साठवायच्या तेव्हाच्या पद्धती ओबडधोबड होत्या. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या हॉटेलात जेवताना केन थॉम्प्सन यांनी टेबलावरच्या कागदी मॅटवर नवी पद्धत मांडली. सोबत रॉब पाइक होते. बुधवारी रात्री कोड लिहायला बसले आणि शुक्रवारपर्यंत अख्खी प्लॅन ९ तिच्यावर चालू लागली. ती पद्धत म्हणजे यूटीएफ-८.

‘म’ हे अक्षर घ्या. यूटीएफ-८ मध्ये ते तीन बाइटांत, म्हणजे एक-शून्यांच्या आठ-आठ अंकी तीन गटांत, बसतं: १११०००००, १०१००१००, १०१०१११०. पहिल्या बाइटच्या सुरुवातीचे तीन एक सांगतात की हे अक्षर तीन बाइटांचं आहे. पुढच्या दोन्हींच्या सुरुवातीचं १० सांगतं की आम्ही मधले आहोत, इथून वाचायला लागू नका. मजकूर मध्येच तुटला तरी पुढचं अक्षर कुठे सुरू होतं ते लगेच कळतं, आणि जुन्या इंग्रजी फाइलींना धक्काही लागत नाही. एका वर्तमानपत्राच्या साइटला एक फॉन्ट, दुसऱ्याला दुसरा, आणि फॉन्ट नसला की मराठीच्या जागी चिन्हांचा चिवडा, हे दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना या मॅटची किंमत सांगायला नको. हा लेखही त्याच पद्धतीने तुमच्यापर्यंत पोहोचला आहे.

आणि प्लॅन ९? ती १९९२ मध्ये विद्यापीठांना मिळाली, १९९५ मध्ये ३५० डॉलरला विकायला आली आणि २००० मध्ये सोर्स कोड खुला झाला, पण कंपनीच्या स्वतःच्या अटींवर, ज्या फ्री सॉफ्टवेअरवाल्यांना मान्य नव्हत्या. २०१४ मध्ये जीपीएल, २०२१ मध्ये बीएसडीसारखाच मोकळा एमआयटी परवाना. एवढी मोकळीक १९९२ लाच मिळाली असती तर काय झालं असतं, याची चर्चा तिचे चाहते अजून करतात. तिचे अवयव मात्र इकडेतिकडे दिसतात. विंडोजच्या आत चालवलेल्या लिनक्सच्या फाइली विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये दिसतात, त्या प्लॅन ९ च्याच ९पी या फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीमुळे.

हायकूची कथा बंद कोडची आहे. अॅपल सोडलेले झाँ-लुई गासे यांच्या बी या कंपनीची बीओएस ही सिस्टिम १९९० च्या दशकात फार देखणी आणि चपळ मानली जाई. अॅपल ती घेणार होती, पैशांवर बोलणी फिसकटली आणि १९९६ च्या डिसेंबरात अॅपलने स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट घेतली. जपानमध्ये हिताचीने विंडोजसोबत बीओएस घालून पीसी विकले, पण सुरू करताना दोन्हींतून निवडायचा मेन्यूच दाखवला नाही. विंडोजच्या परवान्यातल्या अटी आड आल्या, अशी बी कंपनीची तक्रार होती. मायक्रोसॉफ्टने चूक कबूल न करता २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. तोवर बी कंपनी पाम या दुसऱ्या कंपनीने १ कोटी १० लाख डॉलरला घेऊन झाली होती, आणि कोड बंद असल्याने चाहत्यांच्या हाती जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. २००१ मध्ये त्यांनी ती शून्यातून पुन्हा लिहायला घेतली, तीच आजची हायकू. पहिली अल्फा, म्हणजे अगदी कच्ची, आवृत्ती यायला २००९ उजाडलं, पहिली बीटा, म्हणजे चाचणीची, २०१८ मध्ये आली.

फ्रीडॉस आपल्याकडे भलत्याच कारणाने माहीत आहे. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एमएस-डॉस या सिस्टिमचे दिवस संपणार असं दिसल्यावर जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने तिचा मुक्त पर्याय सुरू केला. भारतात तिचं नाव पोहोचलं ते ‘डॉस लॅपटॉप’मुळे. विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचवून स्वस्तात दिलेला लॅपटॉप, आत फ्रीडॉस. आणि दुकानाबाहेर पडायच्या आतच त्यावर विंडोजची चोरटी प्रत चढलेली. इतक्या यंत्रांवर पोहोचून इतकी कमी वापरली गेलेली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम शोधून सापडायची नाही.

आज यांच्याशी ओळख करून घ्यायची तर सरळ व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातच दुसरा संगणक भासवणाऱ्या प्रोग्राममध्ये, घ्यावी, असलेल्या लॅपटॉपच्या डिस्कची पार्टिशनं मोडायची गरज नाही. हायकूची पाचवी बीटा आवृत्ती २०२४ च्या सप्टेंबरात आली. ती सर्वात सोपी, आणि तिच्या ३२ बिट आवृत्तीवर बीओएसचे कितीतरी जुने प्रोग्राम अजून चालतात. ओपनबीएसडी बसवताना चित्रं नाहीत, साधे प्रश्न विचारले जातात, बहुतेकांना एंटर दाबलं तरी चालतं. तिची मॅन पेजेस, म्हणजे सोबतची माहितीची पानं, मात्र सवडीने वाचावीत अशी आहेत. प्लॅन ९ ची चालू शाखा म्हणजे ९फ्रंट. तिच्यासाठी तीन बटणांचा माउस आधी शोधून ठेवा, टचपॅडवर तिच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही.