ड्रायव्हर टाकला, पण कर्नलने तो घेतलाच नाही

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट यंत्रं एका दिवसात ‘जुनी’ ठरली. त्यांतल्या काहींवर विंडोजऐवजी उबुंटू किंवा मिंट ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम आली. यंत्रात इंटेलचं किंवा एएमडीचं ग्राफिक्स असेल तर सहसा वेगळं काही करावं लागत नाही. त्यांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) कर्नलमध्येच, म्हणजे सगळं यंत्र हाकणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यातच असतात. एनव्हिडियावाल्यांचं तसं नाही. ड्रायव्हर टाकला, कुठेही एरर दिसली नाही, यंत्र रीस्टार्ट केलं, आणि समोर काय? फुगलेली अक्षरं, दुसरा मॉनिटर बंद, विंडो सरकवली तर अडखळतेय आणि पंखा घरघरतोय. निष्कर्ष ठरलेला: ‘लिनक्सवर एनव्हिडिया चालतच नाही.’

अशा वेळी सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून ग्राफिक्सच्या ओळीत काय लिहिलंय ते पाहावं. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असेल तर कार्ड हातावर हात ठेवून बसलंय आणि सगळं चित्र प्रोसेसर रंगवतोय. पंखा त्यामुळेच घरघरतो. ड्रायव्हर डिस्कवर आहे, त्यात बिघाडही नाही, फक्त कर्नलने त्याला दारातून परत पाठवलंय. का परत पाठवलं हे न बघता दुसरी आवृत्ती टाकायची, मग तिसरी, मग कंपनीच्या साइटवरची ‘डॉट रन’ ही इन्स्टॉलर फाइल, अशी चढती भाजणी सुरू झाली की साधी अडचण खरोखरची बिघडते.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एक भाग म्हणजे ओपनजीएल, व्हल्कन (चित्र काढण्यासाठी) आणि कूडा (कार्डावर आकडेमोड करण्यासाठी) यांच्या लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच. गेम किंवा ब्लेंडरसारखा थ्रीडी प्रोग्राम यांच्याशी बोलतो तो हा. दुसरा भाग कर्नलमध्ये शिरणारी मोड्यूल्स, म्हणजे कर्नलला जोडायचे कोडचे तुकडे: ‘एनव्हिडिया’, ‘एनव्हिडिया-मोडसेट’, ‘एनव्हिडिया-डीआरएम’ आणि ‘एनव्हिडिया-यूव्हीएम’. कर्नलमध्ये शिरलेल्या कोडला यंत्रात कुठेही मज्जाव नसतो. कुठलीही मेमरी, कुठलीही फाइल, कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ त्याच्या हाताशी असते. म्हणून दारावरची तपासणी कडक.

हा कर्नलचा भाग लिनक्सबरोबरच का येत नाही? बरीच वर्षं उत्तर सोपं होतं: तो बंद होता (त्याचा सोर्स कोड बाहेरच्यांना पाहता येत नव्हता) आणि कर्नल जीपीएल या खुल्या सोर्सच्या परवान्याखाली आहे. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्स कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला उद्देशून बोट दाखवलं (कुठलं ते सांगायला नको), ते याच वैतागातून. मे २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग या पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी कर्नल मोड्यूल्सचा सोर्स खुला केला, आणि आरटीएक्स ५० मालिकेला तर तीच खुली मोड्यूल्स लागतात. लायब्ऱ्या आणि फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा कोड) मात्र अजून बंदच आहेत. शिवाय खुली झालेली मोड्यूल्सही मुख्य कर्नलच्या झाडात नाहीत, बाहेरूनच जोडावी लागतात. ‘आता एनव्हिडिया ओपन सोर्स झालं, कटकट संपली’ अशा मथळ्यांवर म्हणूनच विसंबू नये.

बाहेरून जोडायचं म्हटलं की पहिली अडचण येते ती जुळवणीची. लिनक्स कर्नल आपली आतली रचना आवृत्त्यांमध्ये कायम ठेवण्याचं वचन देत नाही, मुद्दामच देत नाही. त्यामुळे प्रत्येक मोड्यूलमध्ये ते कोणत्या कर्नलसाठी बांधलं आहे याची खूण असते, ‘६.८.०-४५-जेनेरिक’ अशासारखी. खूण जुळली नाही की प्रवेश नाही. कर्नल अपडेट झाला की मोड्यूल पुन्हा कंपाइल करावं, म्हणजे सोर्समधून नव्याने बांधावं लागतं. हे काम डीकेएमएस नावाची व्यवस्था करते (फेडोरावर ‘एकेमॉड्स’). तिला त्या कर्नलच्या हेडर फाइल्स (त्याच्या आतल्या रचनेचं वर्णन) लागतात. त्या नसल्या तर कर्नल अपडेट बिनबोभाट होतो आणि पुढच्या बूटला ग्राफिक्स गायब. ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे पॅकेज टाकून ठेवलं की नव्या कर्नलमागोमाग नवे हेडर आपोआप येतात. ‘डीकेएमएस स्टेटस’ विचारल्यावर सध्याच्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं की या बाजूने सारं ठीक आहे.

आता दुसरी तपासणी, आणि खरी गंमत इथे आहे.

सिक्युअर बूट (मान्य सही नसलेला कोड बूट होताना चालू न देणारी सोय) चालू असलेल्या यंत्रात विश्वासाची एक साखळी असते. मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (यंत्र चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या कोडमध्ये) मायक्रोसॉफ्टच्या सार्वजनिक किल्ल्या असतात. उबुंटूचा ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो, म्हणून फर्मवेअर त्याला चालू देतं. शिमच्या पोटात कॅनॉनिकलची, म्हणजे उबुंटू बनवणाऱ्या कंपनीची किल्ली. तिच्या आधारे तो ग्रबची (कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरची) सही तपासतो. पुढे कर्नलची सही तपासली जाते, आणि कर्नल प्रत्येक मोड्यूलची तपासतो. ‘सही’ म्हणजे काय, तर मोड्यूलच्या एकूण एक बाइटमधून एक ठरावीक लांबीचा आकडा काढायचा (उबुंटूत एसएचए-५१२ पद्धतीने, म्हणजे ५१२ बिटांचा) आणि तो खाजगी किल्लीने असा गुंफायचा की जोडीची सार्वजनिक किल्ली असलेला कोणीही ताडून पाहू शकेल, पण तसा नवा कोणी बनवू शकणार नाही. ही सही फाइलच्या शेवटी चिकटवतात. सही केलेलं मोड्यूल उलगडून पाहिलं तर शेवटच्या २८ बाइटांत ‘मोड्यूल सिग्नेचर अपेंडेड’ हे शब्द इंग्रजीत चक्क वाचता येतात. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब असे, ती पत्राची हद्द दाखवायला. तिच्यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती बनावट. या डिजिटल मोर्तबेची नजर त्याहून तिखट आहे: मजकुराच्या मधला एक बिट जरी पालटला तरी काढलेला आकडा पार वेगळा येतो आणि सही जुळत नाही.

डीकेएमएसने तुमच्या यंत्रावर मोड्यूल बांधलं तर त्यावर सही कोणाची? कॅनॉनिकलची असणं शक्य नाही. त्यांची खाजगी किल्ली तुमच्याकडे नाही, नसावीही. म्हणून उबुंटू तुमच्या यंत्रापुरती एक जोडी तयार करतं. तिला म्हणतात मोक, म्हणजे मशीन ओनर की, यंत्रमालकाची किल्ली. सही झाली. पण ही किल्ली साखळीत कुठेच नाही, तेव्हा ती आत नेऊन बसवायला हवी. कोणी बसवायची? चालू यंत्रातल्या रूटला (सर्व अधिकार असलेल्या खात्याला) ती मुभा दिली तर रूट मिळवलेला व्हायरसही आपली किल्ली बसवेल आणि साखळीला अर्थ उरणार नाही.

यावरचा तोडगा मोठा देखणा आहे. मान्य किल्ल्यांची यादी फर्मवेअरच्या स्मृतीत ‘मोकलिस्ट’ नावाच्या चलात (व्हेरिएबलमध्ये) असते. हे चल असं राखलेलं असतं की ऑपरेटिंग सिस्टिमने यंत्राचा ताबा घेतला की त्याला हात लावता येत नाही. वाचण्यासाठी फक्त एक प्रत उरते. चालू लिनक्समधून ‘मोकयुटिल’ ही आज्ञा काय करू शकते, तर शेजारच्या ‘मोकन्यू’ या चलात अर्ज ठेवू शकते: ही नवी किल्ली घ्या, आणि हा एका पासवर्डपासून काढलेला आकडा. पुढच्या बूटला, लिनक्स सुरू होण्याआधी, शिमला तो अर्ज दिसतो आणि तो ‘मोकमॅनेजर’ उघडतो. निळा पडदा, साधी अक्षरं. तिथे कीबोर्डसमोर बसलेल्या माणसाने तोच पासवर्ड टाकला तरच किल्ली यादीत जाते. दूरवरून यंत्रात शिरलेल्या प्रोग्रामला हे जमत नाही, कारण त्या क्षणी ना नेटवर्क चालू असतं ना ऑपरेटिंग सिस्टिम. हजर माणूस हाच पुरावा.

आणि नेमका हाच निळा पडदा लोक चुकवतात. त्यावर ‘कोणतीही कळ दाबा’ असं लिहिलेलं असतं आणि १० सेकंदांची उलटी मोजणी चालू असते. रीस्टार्टला लावून माणूस चहा घ्यायला उठला की संपलं: यंत्र पुढे बूट होतं, अर्ज पुसला जातो, किल्ली बसत नाही. घाबरून ‘कंटिन्यू बूट’ दाबलं तरी तेच. योग्य क्रम असा: कळ दाबा, ‘एनरोल मोक’ निवडा, ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग पासवर्ड, शेवटी ‘रीबूट’. हा पासवर्ड लॉगिनचा नव्हे; ड्रायव्हर टाकताना उबुंटूने मागितलेला, किमान ८ अक्षरांचा, एकदाच लागणारा. मोकमॅनेजरला अमेरिकी कळफलकच कळतो, तेव्हा मराठी इनस्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्यांनी पासवर्ड ठरवतानाच इंग्रजीवर जावं आणि साधी अक्षरं-आकडेच घ्यावेत. पडदा हुकला असेल तर ‘मोकयुटिल’ला ‘इम्पोर्ट’ सांगून ‘व्हार’मधल्या ‘लिब’मधल्या ‘शिम-साइन्ड’मधल्या ‘मोक’ फोल्डरातली ‘मोक डॉट डीईआर’ ही फाइल पुन्हा द्यायची आणि रीबूट करून या वेळी समोर बसून राहायचं. ड्रायव्हर पुन्हा टाकायची गरज नाही.

किल्ली बसली नसल्याची ओळख पटवणंही सोपं. टर्मिनलात ‘सुडो मोडप्रोब एनव्हिडिया’ (रूटच्या अधिकाराने मोड्यूल आत घे) दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं तर दुसरं काही शोधू नका. हेडर राहिले असतील तर उत्तर वेगळं येतं: मोड्यूल सापडलंच नाही.

या सगळ्यावरचा इंटरनेटी उतारा म्हणजे ‘बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा’. त्याने ड्रायव्हर चालतो, खोटं नाही. गजर वाजतो म्हणून तार कापण्यातला प्रकार आहे इतकंच. शिवाय त्याच यंत्रावर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असलेलं विंडोज असेल तर पुढच्या वेळी ते ४८ आकडी रिकव्हरी की मागून बसू शकतं, आणि ती कुठे ठेवली हे तेव्हा कोणाला आठवत नाही. सिक्युअर बूट हे मायक्रोसॉफ्टचं लिनक्सविरुद्धचं कारस्थान आहे, हा समज तर अमावस्येला यंत्र चालू करू नये या थाटाचा झाला आहे. त्याच पंथातला दुसरा विधी म्हणजे ‘ही एक ओळ चिकटवा, सगळं दुरुस्त होईल’ म्हणून दिलेली, सुडोने सुरू होणारी आणि कुठूनतरी स्क्रिप्ट ओढून आणणारी आज्ञा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मोकची खाजगी किल्ली तुमच्याच डिस्कवर पडलेली असते. रूट मिळवलेला प्रोग्राम ती वाचून आपल्या मोड्यूलवर बिनदिक्कत सही करू शकतो. उबुंटूने एक कुंपण घातलं आहे: त्यांच्या पद्धतीने बनलेल्या मोकवर ‘फक्त मोड्यूलसाठी’ असा शेरा असतो, म्हणून तिच्या सहीचा बूटलोडर शिम स्वीकारत नाही. तरी मोड्यूलचं दार उघडंच राहतं.

म्हणून उबुंटूवर सगळ्यात चांगली वाट म्हणजे मोक लागूच न देणं. कॅनॉनिकल बहुतेक चालू ड्रायव्हर शाखांची मोड्यूल्स आधीच बांधून, स्वतःची सही करून देतं. पॅकेजच्या नावाची सुरुवात ‘लिनक्स-मोड्यूल्स-एनव्हिडिया’ अशी असते. ती किल्ली कर्नलमध्ये आधीपासून आहे, त्यामुळे निळा पडदा नाही आणि कंपाइल करणंही नाही. ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ ही आज्ञा शक्य तिथे हीच पॅकेजेस निवडते. त्याआधी ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस’ने यादी पाहून घ्यावी, ‘रेकमेंडेड’ लिहिलेली आवृत्ती सोडून वरचा आकडा घेण्यात बहुतेकांचा काही फायदा नसतो. आधी ‘डॉट रन’ फाइल चालवून झाली असेल तर तिच्याच ‘अनइन्स्टॉल’ पर्यायाने ती काढून मग हे करावं. तिने टाकलेल्या फाइल्सची एपीटीकडे (उबुंटूच्या पॅकेज व्यवस्थेकडे) नोंद नसते आणि दोन्ही एकमेकांवर चढतात.

रीबूटनंतर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवायचं. तक्ता दिसला, काम झालं. त्यात वर दिसणारा कूडाचा आकडा म्हणजे तो ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या कूडापर्यंत चालेल ते. कूडा यंत्रात आहेच असं नव्हे. तक्त्याऐवजी ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ आलं तर अपडेटने लायब्ऱ्या बदलल्या आहेत आणि मेमरीत जुनं मोड्यूल बसलं आहे. रीबूट करा, बास. बूट होताना पडदा काळाच राहिला तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडायचं आणि एफ१० दाबायचं. हे त्या एका बूटपुरतंच असतं. दोन ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर ‘प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’ ठेवलं की नेहमीचं काम इंटेलवर चालतं आणि बॅटरी टिकते.

विंडोज १० सोडून आलेल्या यंत्रांत जीटीएक्स १०५० किंवा १०६० सारखी पास्कल कार्डं बरीच असणार. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा; केपलरसाठी ४७०. खुली मोड्यूल्स या कार्डांवर चालत नाहीत, कारण त्यांना लागणारा जीएसपी हा कार्डावरचा प्रोसेसर ट्युरिंगपासून पुढेच आहे. तेव्हा नावात ‘ओपन’ असलेलं पॅकेज यांच्यासाठी घ्यायचं नाही. आणि कोणाच्या सहीने आपलं यंत्र चाललंय हे पाहायचं असेल तर ‘मोडइन्फो एनव्हिडिया’ द्या आणि ‘साइनर’ची ओळ वाचा: तिथे कॅनॉनिकलचं नाव असेल, नाहीतर तुमच्याच यंत्राचं.