जामीन मिळाला, जामीनदार मिळेना: कच्च्या कैद्यांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

न्यायालयाने जामीन मंजूर केला, तरी माणूस तुरुंगातच. गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने डिसेंबर २०२२ अखेर देशभरातल्या अशा कैद्यांची मोजदाद केली तेव्हा आकडा भरला ५,०२९. काहींवर एकाहून अधिक गुन्हे होते. सगळ्यांत जामीन होईपर्यंत एकाच प्रकरणातली हमी भरून उपयोग नव्हता. बाकी अनेकांकडे पैसा नव्हता, किंवा हमी द्यायला कोणी नव्हतं. हा प्रश्न जुना आहे आणि त्यावरचा उपायही जवळपास तेवढाच जुना आहे.

१९६० साली न्यूयॉर्कमधल्या लुई श्वाइट्झर या उद्योजकाने ब्रुकलिनचा तुरुंग पाहिला. खटला सुरूही न झालेली तरुण पोरं केवळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून महिनोन्‌महिने आत पडली होती. श्वाइट्झर वकील नव्हता, व्यवसायाने रसायन अभियंता. एखाद्याने अशा वेळी निधी उभारून शे-दोनशे जणांचा जामीन भरला असता. त्याने आणि हर्बर्ट स्टर्झ या तरुण संपादकाने वेगळा रस्ता धरला. माणूस तारखेला परत यावा यासाठी पैसा खरंच लागतो का, हेच त्यांना तपासायचं होतं. ऑक्टोबर १९६१ मध्ये ‘मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट’ सुरू झाला.

पद्धत साधी होती. कायद्याचे विद्यार्थी न्यायालयाच्या कोठडीत जाऊन अटक झालेल्यांशी बोलत. या पत्त्यावर किती दिवस राहतोस? घरी कोण आहे? काम कुठे करतोस? आधीची शिक्षा आहे का? मग ते त्याच्या नातेवाइकाला किंवा मालकाला फोन करून खातरजमा करत. प्रत्येक उत्तराला गुण होते. शहरातला पत्ता असेल आणि पाच गुण भरले, तर न्यायाधीशांकडे विनापैसा सुटकेची शिफारस जाई. ही शिफारस खरंच काही फरक पाडते का, हे पाहण्यासाठी पात्र आरोपींचे दोन गट केले होते. ज्यांच्याबद्दल न्यायाधीशांना सांगितलं त्यांतले ५९ टक्के सुटले. ज्यांची माहिती मुद्दाम दिली नाही त्यांतले १६ टक्के. सुटलेल्यांपैकी तारखेला दांडी मारणारे दोन टक्क्यांहून कमी निघाले. म्हणजे न्यायाधीश काही निष्ठुर नव्हते. समोरचा माणूस कोण आहे हे त्यांना कोणी सांगतच नव्हतं.

या आकड्यांनी पुढची चक्रं फिरली. १९६४ मध्ये वॉशिंग्टनला राष्ट्रीय परिषद भरली आणि १९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी जामीन सुधारणा कायद्यावर सही केली. वीस वर्षांच्या आत वारं उलटलं. १९८४ च्या कायद्याने ‘हा माणूस धोकादायक आहे’ एवढ्या कारणावरून खटल्याआधी डांबून ठेवायला परवानगी दिली आणि १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. विद्यार्थ्यांच्या हातातल्या त्या गुणपत्रिकेची पुढे संगणकी जोखीम-मोजणी झाली. जुन्या अटकांची आकडेवारी त्यात शिरली आणि तिच्याबरोबर जुना वंशभेदही. २०१८ मध्ये शंभरहून अधिक नागरी हक्क संघटनांनी या मोजणीविरुद्ध निवेदन काढलं. पैशाच्या जामिनाला विरोध करणाऱ्याच या संघटना! सप्टेंबर २०२३ मध्ये इलिनॉयने पैशाचा जामीन पूर्णपणे बंद केला. असं करणारं ते पहिलं अमेरिकी राज्य.

भारतात नागरी स्वातंत्र्याची संघटना १९३६ पासून होती. नेहरूंच्या पुढाकाराने मुंबईत स्थापन झालेली आणि टागोरांना मानद अध्यक्षपद देणारी. तिचं मुख्य लक्ष राजकीय कैद्यांवर. सामान्य कैदी या चळवळीच्या नजरेत ठळकपणे आला तो आणीबाणीनंतर. त्याआधी, आणीबाणी चालू असतानाच १९७६ मध्ये जयप्रकाशांच्या प्रेरणेने नागरी स्वातंत्र्याची नवी संघटना उभी राहिली, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे तिच्या आघाडीवर होते. आणीबाणीत आत गेलेल्या शिकल्यासवरल्या लोकांनी शेजारच्या बराकीत वर्षानुवर्षं तारखेची वाट बघणारी माणसं पाहिली होती. माझ्या मते पुढच्या निकालांना या अनुभवाचा मोठा टेकू होता.

१९७८ मध्ये मोतीराम या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची हमी नाकारली होती, का, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली. न्या. कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. जानेवारी १९७९ मध्ये पोलीस आयोगाचे सदस्य रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांवर इंडियन एक्स्प्रेसमध्ये लिहिलं. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली. तीच हुसैनारा खातून खटला म्हणून ओळखली जाते. गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ काही जण आत होते. न्या. भगवती यांनी निकालात चक्क मॅनहॅटनच्या प्रयोगाचा दाखला दिला: आरोपीची पाळंमुळं समाजात रुजलेली असतील, तर पैशाविना जातमुचलक्यावर सोडा.

तत्त्व आलं, पण कोठडीत जाऊन बोलणारा आणि घरी फोन लावणारा माणूस आला नाही. कैद्याच्या कुटुंबाचा, कामाचा, पत्त्याचा शोध घ्यायची कुणाचीच नेमणूक नव्हती. त्यामुळे न्यायाधीश पुन्हा कागदाकडेच वळले: रेशनकार्ड, सातबारा, सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला, स्थानिक जामीनदार. ही उणीव काही ठिकाणी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ने भरून काढली. १९९० पासून तिचे कार्यकर्ते तुरुंगात आणि पोलीस ठाण्यांत हेच काम करतात. पण ते मोजक्या जागी.

कायद्यात मात्र भर पडत गेली. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या २००५ च्या दुरुस्तीनुसार जामीनपात्र (जामीन हा आरोपीचा हक्कच असलेल्या) गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न देऊ शकणाऱ्याला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडायचं, आणि कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्याला जामिनाची वाट मोकळी करायची. त्यानंतरही, २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की जामीन मंजूर होऊन महिनाभरात हमी भरली गेली नाही, तर न्यायालयाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली. रक्कम मिळते, पण स्थानिक जामीनदाराची अट तिथे असेल तर ती तशीच राहते.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यासाठी निम्म्या शिक्षेची ती मुदत एक तृतीयांशावर आणली. अर्ज करायची जबाबदारीही तुरुंग अधीक्षकावर टाकली. मात्र ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित आहेत त्याला हेच कलम वगळतं. आता एकाच घटनेतून चार कलमं आणि दोन-तीन गुन्हे सहज नोंदले जातात. जामीन मंजूर होऊनही अडकलेल्या त्या ५,०२९ जणांत असे कितीतरी होते.