द्विनेत्री दुर्बीण : निवड आणि वापर

पक्षी, वन्यप्राणी, दूरचे डोंगरकडे किंवा रात्रीचे आकाश दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी पाहण्याचे, हातात धरायचे साधन. तिच्यावर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा वर्धनाचा, म्हणजे दृश्य किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते : ८×४२ मध्ये ५.२५ मिमी, १०×२५ मध्ये २.५ मिमी. भर उन्हात बाहुली २ ते ३ मिमीपर्यंत आकसते, त्यामुळे या दोन दुर्बिणींच्या उजेडात फारसा फरक जाणवत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे पशुपक्षी सर्वांत जास्त हिंडतात तेव्हा, बाहुली मोठी होते आणि लहान भिंगातले दृश्य काळवंडते.

नवखा माणूस हमखास जास्त वर्धनाच्या मागे लागतो, पण वर्धनाबरोबर हाताचा कंपही तेवढ्याच पटीने वाढतो आणि दृश्याचा पट्टा अरुंद होतो. बहुतेकांना ८ पट पुरेसे असते. १० पट स्थिर हाताला जमते. त्यापुढे तिपाई लागते. २० ते १०० पट असे बदलते वर्धन सांगणाऱ्या स्वस्त दुर्बिणी घेऊच नयेत : त्यांत उजेड आणि स्पष्टता दोन्ही हरवतात.

उलटे दिसणारे दृश्य सुलटे करण्यासाठी आत लोलक बसवतात. त्यांच्या दोन रचना असतात : पोरो आणि रूफ. पोरो रचनेत नळ्या मध्येच बाक घेतात. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ मध्ये तिचे पेटंट घेतले. रूफ रचना सडपातळ असते, पण तिचे लोलक फार अचूक घासावे लागतात. म्हणून कमी किमतीत पोरो बहुधा सरस ठरते.

घेण्यापूर्वी दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे रोखावी. नेत्रिकेत, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात, दिसणारा प्रकाशाचा ठिपका गोल हवा. कडा करड्या आणि चौकोनी दिसल्या तर लोलकाची काच हलक्या दर्जाची आहे. आकाशासमोरच्या काळ्या फांदीला जांभळी किनार किती येते, तेही पाहावे. चष्मेवाल्यांनी डोळा आणि नेत्रिका यांत किमान १५ मिमी अंतर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसते का, हे तपासावे आणि आयकप (नेत्रिकेभोवतीची कड) आत फिरवूनच पाहावे.

वापरताना आधी दोन नळ्यांमधले अंतर असे जुळवावे की एकच वर्तुळ दिसेल. मग उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी दृश्य स्पष्ट करावे. त्यानंतर डावे झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रिकेचे कडे फिरवावे आणि त्याची खूण लक्षात ठेवावी. पुढे फक्त मधले चाक पुरते. ही जुळणी न केल्यानेच अनेकांना ‘दुर्बिणीने डोके दुखते’ असे वाटते. जुळवूनही दोन प्रतिमा दिसत राहिल्या तर धक्क्याने नळ्यांचे अक्ष सरकले आहेत. हे काम कारागिराचे. पक्षी शोधताना नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणावी.

दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. दृष्टिपटल कायमचे जळू शकते.

भिंगावरची धूळ आधी फुंकणीने आणि मऊ कुंचल्याने काढावी, मगच कापड लावावे. नाहीतर रेतीचे कण लेप खरवडतात. दमट हवेत बंद पिशवीत ठेवलेल्या दुर्बिणीत बुरशी धरते. ती हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवावी आणि जेल ओलसर झाले की बदलावे.