संस्थापक-प्रमुखाच्या निवडीतील लोकसहभाग

नव्याने निघणाऱ्या स्थानिक महाविद्यालयाचा पहिला प्रमुख निवडताना त्या परिसरातील नागरिकांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी घेतलेला भाग. या पदाला कोठे प्राचार्य, कोठे अध्यक्ष, तर कोठे रेक्टर म्हणतात. येथे सोयीसाठी ‘प्रमुख’ हाच शब्द वापरला आहे. लोकसहभाग या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात : लोकांचे मत विचारणे, निवड समितीत त्यांना जागा देणे आणि नेमणुकीचा अधिकारच लोकनियुक्त मंडळाकडे असणे. यांची गल्लत झाल्यामुळे या विषयावरचे बरेच वाद निष्फळ ठरले आहेत.

चालू महाविद्यालयात अध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी व माजी विद्यार्थी हे निवडीत बोलण्याचे हक्कदार मानले जातात. नव्या महाविद्यालयात यांपैकी कोणीच अजून आलेले नसते. जमीन, कर वा वर्गणी देणारे आणि पुढे आपली मुले तेथे धाडणारे एवढेच लोक त्या घडीला हजर असतात. पहिले अध्यापक कोण, आधी कोणते विषय सुरू करायचे, नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग ठेवायचे की नाही, हे सारे पहिला प्रमुख ठरवतो आणि एकदा पडलेली घडी सहसा मोडत नाही. म्हणून या एका नेमणुकीपुरता तरी स्थानिकांचा हक्क सल्ल्यापेक्षा मोठा मानला पाहिजे.

उगम : या प्रथेचे मूळ पुष्कळदा इटलीतील बोलोन्या येथे दाखवले जाते. तेथील विद्यापीठाचे पारंपरिक स्थापनावर्ष १०८८ हे समकालीन पुराव्यावरून आलेले नाही. १८८८ मधील अष्टशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने कवी जोस्वे कार्दुच्ची यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ते निश्चित केले. सम्राट फ्रीड्रिख बार्बारोसा याने प्रवासी विद्यार्थ्यांना व अध्यापकांना संरक्षण देणारे ‘हाबिता’ नावाचे फर्मान काढले, त्याचाही काळ काही अभ्यासक ११५५, तर काही ११५८ मानतात. विद्यार्थ्यांचे संघ व त्यांनी निवडलेले रेक्टर यांचा स्पष्ट पुरावा मिळतो तो तेराव्या शतकातला. आल्प्सच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे विद्यार्थ्यांचे दोन मुख्य संघ होते आणि रेक्टर स्वतः विद्यार्थीच असे. पॅरिसमध्ये मात्र संघ अध्यापकांचा होता. इतिहासकार हेस्टिंग्ज रॅशडॉल यांनी बोलोन्या व पॅरिस हे विद्यापीठांचे दोन मूळ नमुने मानले आणि ही मांडणी दीर्घकाळ प्रमाण धरली गेली.

बोलोन्यात विद्यार्थी रेक्टर निवडत, एवढ्यावरून तेथे लोकसहभाग होता असे मात्र म्हणता येत नाही. हे संघ परदेशी विद्यार्थ्यांचे होते. शहराचे कायदे ज्यांचे रक्षण करत नव्हते, त्यांनी ते आपल्या बचावासाठी उभे केले होते, आणि बोलोन्याच्या नागरिकांना त्यांत पूर्ण सभासदत्व नव्हते. म्हणजे निवडणूक होती, पण त्या गावचा माणूस तिच्या बाहेर होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस शहर अध्यापकांना पगार देऊ लागले, तेव्हा कारभारावर नगराचा हात हळूहळू पडू लागला. तो मार्ग निवडणुकीचा नव्हता, खजिन्याचा होता.

प्रस्तुत विषयाला अधिक जवळचे उदाहरण स्कॉटलंडमधील एडिंबरोचे. राजा सहावा जेम्स याने १५८२ मध्ये नगरपरिषदेला सनद दिली आणि १५८३ मध्ये अध्यापन सुरू झाले. या सनदेने महाविद्यालय स्थापन केले, की नगराला ते स्थापन करण्याची केवळ मुभा दिली, यावर मतभेद आहेत. पुढचा कारभार पाहता दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. परिषदेने सेंट अँड्रूज येथील तरुण अध्यापक रॉबर्ट रोलॉक यास बोलावून घेतले. सुरुवातीला तो एकटाच शिकवत असे. प्रमुखपदाची उपाधी त्याला साधारणतः १५८६ मध्ये मिळाली असे मानतात. लोक या संस्थेला ‘नगराचे महाविद्यालय’ म्हणत आणि ते अक्षरशः खरे होते : प्रमुख व प्राध्यापक नेमण्याचा अधिकार बहुतांशी परिषदेकडे होता. १८५८ च्या स्कॉटिश विद्यापीठ कायद्याने तो सात जणांच्या मंडळाकडे गेला, तरी त्यांपैकी चार जण नगरपरिषदेनेच नेमायचे होते. अर्थात सोळाव्या शतकातील ही परिषद व्यापारी आणि कारागीर संघांच्या मोजक्या पुढाऱ्यांची होती. आजच्या अर्थाने ती लोकप्रतिनिधी नव्हे.

हॉलंडमधील लायडन (१५७५) येथेही कारभार क्युरेटर (विद्यापीठावर देखरेख करणारे विश्वस्त) व नगराचे प्रमुख अधिकारी मिळून पाहत. अमेरिकेतील हार्व्हर्डसाठी १६४२ मध्ये नेमलेल्या देखरेख मंडळात वसाहतीचे अधिकारी व लगतच्या सहा गावांचे धर्मोपदेशक होते. अध्यापक नसलेल्यांनी महाविद्यालयाचा प्रमुख नेमायचा, ही अमेरिकन रीत स्कॉटलंडहून आली, हॉलंडहून की इटलीहून, याबद्दल एकमत नाही. प्रॉटेस्टंट नगरांच्या परंपरेकडे बोट दाखवणारे मत अधिक सयुक्तिक दिसते.

विसावे शतक : अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे जून १९१८ मध्ये रेक्टरच्या निवडीवरूनच विद्यार्थ्यांचा उठाव झाला. त्यातून अध्यापक, विद्यार्थी व पदवीधर यांच्या सहशासनाची कल्पना लॅटिन अमेरिकेत पसरली. पदवीधर हा समाजाचा विद्यापीठातील प्रतिनिधी, असे त्यामागचे तत्त्व सांगितले जाते. नव्या संस्थेला मात्र पदवीधरच नसतात.

अमेरिकेत १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झालेल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयापासून स्थानिक महाविद्यालयांची परंपरा धरतात. ‘समुदाय महाविद्यालय’ ही संज्ञा रूढ झाली ती राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या १९४७ च्या अहवालानंतर. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत अशा महाविद्यालयांचे विश्वस्त जिल्ह्यातील मतदार निवडून देतात आणि प्रमुखाची नेमणूक हे विश्वस्त करतात. नाव्हाहो या अमेरिकेतील आदिवासी राष्ट्राने १९६८ मध्ये स्थापन केलेले महाविद्यालय (आजचे दिने महाविद्यालय) आदिवासी समाजाने स्वतः चालवलेले तेथील पहिले महाविद्यालय होय. त्याचे पहिले अध्यक्ष रॉबर्ट रोसेल नाव्हाहो नव्हते; त्यांच्यानंतर नाव्हाहो असलेले नेड हताथली अध्यक्ष झाले. बाहेरचा अनुभवी माणूस आधी घ्यावा की आपल्यातला, हा पेच प्रत्येक नव्या संस्थेपुढे येतो.

कार्यपद्धती : सर्वसाधारणपणे आधी अपेक्षित प्रमुखाचे गुणवर्णन ठरते, मग जाहिरात निघते, छाननी समिती अर्ज गाळते, अखेरचे तीन-चार उमेदवार खुल्या सभेत लोकांसमोर येतात आणि शेवटी नियामक मंडळ मत देते. लोकांच्या नजरेला पडते ती खुली सभा. सभागृहात प्रत्येक उमेदवाराला सारखाच वेळ मिळतो, प्रश्न बहुधा चिठ्ठ्यांवर लिहून घेतात आणि सूत्रचालक ते वाचून दाखवतो. दाराशी एक अभिप्रायपत्र हातात पडते. त्यावर ‘उमेदवाराच्या जमेच्या बाजू’ व ‘शंका’ अशा दोन मोकळ्या जागा असतात. उमेदवारांना क्रम लावण्यासाठी रकाना बहुतेक वेळा नसतो. समितीही मंडळाकडे नावे पाठवते ती पुष्कळदा क्रम न लावता. अंतिम निर्णय मंडळाच्या हाती मोकळा राहावा, हा त्यामागचा हेतू.

खरा फरक पडतो तो पहिल्या टप्प्यात. गुणवर्णनात ‘मोठ्या विद्यापीठातील प्रशासनाचा अनुभव’ एवढेच लिहिले, तर व्यवसायशिक्षण उभे केलेला किंवा परिसराची भाषा जाणणारा माणूस छाननीतच गळतो. मग शेवटच्या सभेत शंभर माणसे बोलली, तरी त्यांच्यापुढे निवडीला उरलेले सगळे एकाच मुशीतले असतात. लोकांना गुणवर्णन ठरण्यापूर्वी बोलावणे, आणि तेही दिवसभर कामावर असणाऱ्यांना जमेल अशा वेळी बोलावणे, ही या पद्धतीतील सर्वांत मोलाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी आहे.

अमेरिकन प्राध्यापक संघटनेने इतर दोन संस्थांसह तयार केलेल्या १९६६ च्या निवेदनात नियामक मंडळ व अध्यापक यांनी मिळून प्रमुखाचा शोध घ्यावा आणि इतर संबंधितांची मते लक्षात घ्यावीत असे म्हटले आहे. नागरिक या ‘इतर संबंधितां’त मोडतात. चालू संस्थेसाठी ते योग्य आहे; नव्या संस्थेसाठी अपुरे.

गुप्ततेचा प्रश्न : नाव फुटल्यास चालू नोकरी धोक्यात येते, म्हणून चांगले उमेदवार अर्ज करत नाहीत, असा आक्षेप खुल्या निवडीवर घेतात. फ्लॉरिडाने २०२२ मध्ये कायदा करून अर्जदारांची नावे अंतिम यादी होईपर्यंत गुप्त ठेवली. हा आक्षेप अगदी निराधार नाही. परंतु गुणवर्णन व निकष जाहीर करायला त्याची आडकाठी येत नाही.

समाजाला डावलून केलेल्या निवडीचे सर्वांत ठळक उदाहरण जुन्या संस्थेतले आहे. वॉशिंग्टन येथील बधिरांसाठीच्या गॅलॉडेट विद्यापीठाला १८६४ पासून एकही बधिर अध्यक्ष लाभला नव्हता. ६ मार्च १९८८ रोजी मंडळाने ऐकू येणाऱ्या उमेदवाराची निवड जाहीर केली. विद्यार्थ्यांनी फाटकांपुढे बस आडव्या लावून त्यांच्या चाकांची हवा सोडली आणि विद्यापीठ बंद पाडले. बधिर अध्यक्ष, मंडळाच्या अध्यक्षांचा राजीनामा, मंडळात बधिरांचे ५१ टक्के बहुमत आणि कोणावरही सूड न घेणे, या त्यांच्या चार मागण्या होत्या. १३ मार्चला आय. किंग जॉर्डन यांची निवड झाली. तिसरी मागणी सर्वांत दूरदर्शी होती, कारण ती एका नेमणुकीपुरती नव्हती. नेमणूक करणारे कोण, हेच तिने बदलले.

भारत : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्राचार्याच्या निवड समितीत नियामक मंडळाचे अध्यक्ष व दोन सदस्य, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी आणि उच्च शिक्षणातील तीन तज्ज्ञ असतात. प्राचार्यपदाची मुदत पाच वर्षे असून आणखी एकदा नेमणूक होऊ शकते. परिसरातील नागरिकांसाठी या समितीत वेगळी जागा नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील महाविद्यालय विकास समितीत चार स्थानिक सदस्य असतात. व्यवस्थापन त्यांना प्राचार्यांशी विचारविनिमय करून नामनिर्देशित करते. नव्या महाविद्यालयात त्यामुळे आधी प्राचार्य येतात आणि स्थानिक सदस्य त्यांच्यानंतर.