अतिबुद्धिमान यंत्र

अतिबुद्धिमान यंत्र : बुद्धीच्या प्रत्येक कामात सर्वांत हुशार माणसालाही मागे टाकेल असे कल्पिलेले यंत्र. असे यंत्र आज अस्तित्वात नाही. ते होईल की नाही आणि झाले तर माणसाचे काय, यावर मात्र दीड शतकाहून अधिक काळ वाद चालू आहे. या वादात दोन प्रश्न सर्रास एकत्र केले जातात : यंत्र माणसाच्या पुढे जाईल का, आणि ते माणसाची जागा घेईल का. पहिला प्रश्न क्षमतेचा आहे. दुसऱ्यात खर्च, मालकी, कायदा आणि विश्वास हेही येतात.

१८६३ मध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या एका वृत्तपत्रात इंग्रज लेखक सॅम्युएल बटलर यांनी टोपणनावाने पत्र लिहिले. सजीवांप्रमाणे यंत्रेही उत्क्रांत होत आहेत आणि घोडा-कुत्रा आज माणसाला जसे, तसा माणूस उद्या यंत्राला होईल, असे त्यांचे म्हणणे. उपाय म्हणून त्यांनी सगळी यंत्रे नष्ट करायला सांगितले. त्यात थट्टा किती आणि गांभीर्य किती, हे ठरवणे अवघड आहे. संगणकशास्त्राचा पाया घालणारे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५१ च्या व्याख्यानात हाच निष्कर्ष अगदी शांतपणे मांडला : यंत्रांची विचारपद्धती एकदा सुरू झाली की ती आपल्याला लवकरच मागे टाकेल आणि केव्हातरी सूत्रे यंत्रांच्या हाती जातील, असे धरून चालावे.

मूळ युक्तिवाद मात्र ट्युरिंग यांचे युद्धकाळातील सहकारी, संख्याशास्त्रज्ञ आय. जे. गुड यांचा (१९६५). यंत्राची रचना करणे हेही बुद्धीचेच काम. तेव्हा माणसाहून हुशार यंत्र स्वतःहून सरस यंत्र रचेल, ते आणखी सरस. याला गुड यांनी ‘बुद्धीचा स्फोट’ म्हटले. असे पहिले यंत्र हा माणसाला लावावा लागणारा शेवटचा शोध ठरेल. पण ते आपल्याला ताबा कसा ठेवावा हे सांगण्याइतके आज्ञाधारक असले तरच, अशी अटही त्यांनी घातली होती. उत्साही लेखक ही अट अनेकदा गाळतात.

या साखळीतला कच्चा दुवा म्हणजे प्रत्येक सुधारणेमुळे पुढची सुधारणा सोपी होते, हे गृहीतक. संशोधनाच्या बऱ्याच क्षेत्रांत उलटे दिसते : सोपे शोध आधी लागतात, पुढचे महाग होत जातात. शिवाय चिप घडवायला कारखाना लागतो, वीज लागते आणि औषधाची चाचणी कितीही वेगाने विचार केला तरी रोग्याच्या शरीराच्या गतीनेच होते. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांचा आक्षेप (१९८०) वेगळा आहे. चिन्हांची नियमानुसार उलथापालथ केली म्हणून अर्थ कळला असे होत नाही. मनाच्या तत्त्वज्ञानात तो वजनदार आहे, पण इथे फारसा उपयोगी नाही. हरवण्यासाठी समजण्याची गरज नसते.

भाकितांचा इतिहास दोन्ही बाजूंना सावध करणारा आहे. माणसाचे कोणतेही काम वीस वर्षांत यंत्रे करू लागतील, असे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक प्रवर्तक हर्बर्ट सायमन यांनी १९६५ मध्येच लिहिले. १९८५ उलटले तरी तसे घडले नाही. उलट गो या पटावरील खेळात यंत्र जिंकायला अजून बराच काळ आहे असे अनेक जाणकार मानत असतानाच मार्च २०१६ मध्ये अल्फागो या संगणक प्रणालीने अव्वल खेळाडू ली सेडॉल यांना ४–१ ने हरवले.

बुद्धिबळात डीप ब्लू या संगणकाने मे १९९७ मध्ये विश्वविजेते गॅरी कास्पारोव्ह यांना ३½–२½ ने हरवले. आता साध्या फोनवरील प्रणालीपुढेही विश्वविजेता टिकत नाही, तरी माणसांच्या स्पर्धा जोरात आहेत, कारण पाहणाऱ्याला माणसांची झुंज हवी असते. याउलट वेधशाळांत आणि प्रयोगशाळांत हाताने आकडेमोड करणाऱ्यांचा पेशा संगणकाने पुसून टाकला, तेही कसलीही बुद्धी नसताना. तिथे फक्त उत्तर हवे होते. म्हणजे पुढे जाऊनही जागा न घेणे शक्य आहे आणि पुढे न जाता जागा घेणेही. क्ष-किरणतज्ज्ञ घडवणे आता थांबवावे, असे कृत्रिम बुद्धिमत्तेचे अग्रणी संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते. प्रतिमा वाचणाऱ्या प्रणाली खरोखरच सुधारल्या, पण तज्ज्ञांची मागणी घटली नाही. प्रतिमा वाचणे हा त्यांच्या कामाचा एक भाग असतो आणि निदानाची जबाबदारी माणसावरच राहते.

दोन प्रश्नांचा हा गोंधळ तज्ज्ञांच्या उत्तरांतही उतरतो. २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या २,७७८ संशोधकांची पाहणी झाली. प्रत्येक काम यंत्रे माणसाहून चांगले आणि स्वस्तात करतील, याची शक्यता २०४७ पर्यंत ५० टक्के, असा एकत्रित अंदाज निघाला. सर्व व्यवसाय पूर्णपणे यंत्रांकडे सोपवता येतील का, असे विचारल्यावर मात्र तेच वर्ष २११६ झाले. खरे तर एक घडले की दुसरे जवळपास आलेच. इतकी तफावत पाहता यातील कोणतेही वर्ष फार मनावर घेऊ नये.

धोक्याबद्दल अग्रणींतच एकमत नाही. हिंटन आणि त्यांच्याच क्षेत्रातील योशुआ बेंजिओ यांनी मे २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजातीच्या विनाशाचा धोका साथी आणि अणुयुद्धाइतक्याच गांभीर्याने घ्यावा, या निवेदनावर सही केली. त्यांच्यासोबत ट्युरिंग पुरस्कार हा संगणकशास्त्रातील सर्वोच्च सन्मान मिळवणारे यान लकून यांना ही भीती अवाजवी वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या कायद्याने अतिजोखमीच्या प्रणालींवर मानवी देखरेख बंधनकारक केली असून, देखरेख करणारा यंत्राच्या उत्तरावर आपोआप विसंबू लागतो, या प्रवृत्तीची नोंदही त्याच कलमात आहे.