डॉपलर नॉर्मल, तरी डॉक्टर वही का मागतात?

गरोदरपणात शुगर निघाली की पुढे कधीतरी 'कलर डॉपलर करून घ्या', म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी करून घ्या, अशी चिठ्ठी हातात पडते. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे निर्धास्त होतात. ही तपासणी मुळात कशासाठी आली ते पाहिलं, तर ते निर्धास्त होणं जरा घाईचं वाटतं.

1921-22 मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती आलं. त्याआधी मधुमेही बाई गरोदर राहिली तर तिच्याच जिवावर बेतायचं. इन्सुलिनमुळे आया वाचू लागल्या, बाळं मात्र शेवटच्या आठवड्यांत पोटातच दगावत. बॉस्टनच्या डॉक्टर प्रिसिला व्हाइट यांनी मग अशा बायकांची प्रसूती मुद्दाम लवकर करण्याचा मार्ग धरला. त्यातून दुसरीच पंचाईत: पोटात ठेवावं तर धोका, लवकर काढावं तर फुप्फुसं कच्ची. कोणतं बाळ थांबू शकेल, हे सांगणारं काहीतरी हवं होतं.

ज्यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते, त्या भौतिकशास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉपलर यांच्या मनात बाळंतपण नव्हतंच. 1842 मध्ये प्रागला त्यांनी निबंध वाचला तो जोडताऱ्यांच्या रंगांवर. त्यातलं तत्त्व असं: हलत्या वस्तूकडून येणाऱ्या लहरी बदललेल्या भासतात, आणि त्या बदलावरून गती कळते. तेच तत्त्व 1977 मध्ये डब्लिनच्या फिट्झगेराल्ड आणि ड्रम यांनी नाळेतल्या रक्तप्रवाहाला लावलं. पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखी रांग दिसते. बाळाच्या हृदयाचा ठोका पडला की टोक, दोन ठोक्यांमध्ये उतार. वार (प्लासेंटा) चांगली असेल तर उतारावरही रक्त पुढे वाहत राहतं. वार बिघडली की उतार तळरेषेला टेकतो; फारच बिघडली तर रेषेखाली जातो, म्हणजे रक्त उलटं फिरतं.

गोम इथेच आहे. नाळेचं डॉपलर वारेतला अडथळा दाखवतं, साखर नाही. रक्तदाब असेल, जुन्या मधुमेहाने रक्तवाहिन्या खराब झाल्या असतील, बाळाची वाढ खुंटली असेल, तिथे ते फार मोलाचं. पण शुगरच्या बाळावरचं संकट बऱ्याचदा दुसऱ्याच वाटेने येतं. कोपनहेगनचे डॉक्टर पेडरसन यांनी 1950 च्या दशकात ती वाट उलगडली: आईची साखर वार ओलांडते, तिचं इन्सुलिन ओलांडत नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन करतं, बाळ गुटगुटीत होत जातं आणि त्याला ऑक्सिजनही जास्त लागतो. आलेख सुरेख, वजन चार किलो, आणि तरी बाळ अडचणीत, असं होऊ शकतं.

म्हणून मुरलेले डॉक्टर डॉपलरचा कागद बाजूला ठेवून ग्लुकोमीटरवर घरी मोजलेल्या साखरेच्या नोंदींची वही मागतात, आणि ती चाळता चाळता विचारतात, ''बाळ फिरतंय ना नीट?''