अतींद्रिय रहस्यकथा

भूत, करणी, शापित वास्तू यांच्याभोवती रचलेली, पण उलगडा मात्र गुप्तहेरकथेच्या रीतीने करणारी कथा किंवा कादंबरी. भयकथेत वाचक घाबरला की काम झाले. इथे तपास लागतो. कडी आतून लावलेली असताना आवाज आला कुठून, हे विचारणारा कोणीतरी हवा.

इंग्रजीत हा विचारणारा आधी डॉक्टर म्हणून आला. शेरिडन ले फानू यांचा डॉ. हेसेलियस (१८७२) तपास असा फारसा करत नाही. विचित्र प्रकरणांची टिपणे ठेवतो, एवढेच. १८८२ मध्ये लंडनमध्ये अतींद्रिय अनुभवांच्या अभ्यासासाठी ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ निघाली आणि भुतांची चौकशी करणे सुशिक्षितांना शोभेसे वाटू लागले. हेस्केथ प्रिचर्ड आणि त्याची आई केट यांनी मिळून लिहिलेला फ्लॅक्समन लो हा भूतशोधक १८९८ पासून ‘पीअर्सन्स मॅगझिन’मध्ये अवतरला. मासिकाने या कल्पित कथा ‘खऱ्या भूतकथा’ या मथळ्याखाली छापल्या. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही युक्ती तेव्हाचीच.

विक्रीची दुसरी तऱ्हा जास्त सरळ होती. अल्जर्नन ब्लॅकवूड यांचे ‘जॉन सायलेन्स’ १९०८ मध्ये आले तेव्हा प्रकाशक एव्हली नॅश यांनी त्याची भली मोठी पोस्टर्स लावली. पुस्तक खपले आणि ब्लॅकवूड यांना पूर्णवेळ लेखन करणे परवडू लागले. १९१३ मध्ये याच नॅश यांनी विल्यम होप हॉजसन यांच्या कारनाकी या भूतशोधकाचे पुस्तक काढले.

या प्रकाराचे मर्म कळायला कारनाकीच पाहावा. तो मित्रांना जेवायला बोलावतो, जेवण झाल्यावर प्रकरण सांगतो आणि गोष्ट संपली की सगळ्यांना चक्क घराबाहेर काढतो. कॅमेरा, सीलबंद दारे आणि विजेच्या नळ्यांचे पंचकोनी रक्षाकवच ही त्याची हत्यारे. काही प्रकरणांत भूत खरे निघते, काहींत निव्वळ माणसाची लबाडी. एका कथेत, घराण्यातल्या थोरल्या मुलीचे लग्न ठरले की न दिसणाऱ्या घोड्याच्या टापा तिचा पाठलाग करतात. टापा वाजवणारा मत्सरी माणूस पकडला जातो, उलगडा झाला असे वाटते, आणि तेवढ्यात खऱ्या टापा वाजतात. दोन्ही उत्तरे शेवटपर्यंत जिवंत ठेवण्याची ही हातोटी पुढच्या फार थोड्यांना साधली.

शुद्ध गुप्तहेरकथावाल्यांना हे मुळीच मान्य नव्हते. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले. त्यांतल्या दुसऱ्यानेच अलौकिक शक्तींना दार बंद केले. आक्षेप रास्त आहे: भुताला काहीही करता येत असेल तर वाचकाने डोके कशाला चालवायचे? म्हणून चांगला लेखक भुतालाही मर्यादा घालतो आणि त्या वाचकाला आधीच कळू देतो. ऐन वेळी नवा मंत्र काढणे ही फसवणूकच.

मराठीत या जातीच्या सर्वांत जवळ जातात त्या नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ‘समर्थ’ कथा. मात्र कारनाकीचा भरवसा उपकरणांवर, तर या कथांचे नायक समर्थ यांचा स्वतःच्या शक्तीवर. त्यामुळे कोडे मागे पडून झुंज पुढे येते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत तर तपासनीस बहुधा नसतोच. या लेखनाचा वाचक घडला तो दिवाळी अंकांवर आणि पुस्तके भाड्याने देणाऱ्या गल्लीतल्या लायब्रऱ्यांवर.